हळदीच्या सरबतात स्टार्च: फसवणूक की शास्त्र?

गिरगावकर: काल दादरला हळदीच्या सरबताची बाटली पाहिली. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत 'मॉडिफाइड स्टार्च'. म्हणजे खळीचं पाणी हळदीच्या भावाने! आजीचं हळदीचं दूध काय वाईट होतं?

माटुंग्याचा_जुना: खळ? राहवत नाही म्हणून लिहितो. साधा स्टार्च तेलाला धरत नाही. त्याला ऑक्टेनिल सक्सिनेट नावाचं रसायन जोडलं की तेल धरणाऱ्या शेपट्या फुटतात, मग तो थेंबाभोवती बसतो आणि थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. लेबलवर खाद्य-मिश्रकाचा 1450 क्रमांक असतो, तो ह्याचाच. पेटंट 1953 चं आहे, कालचं फॅड नव्हे. कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. तेलाचे थेंब जितके बारीक, तितकं आतड्यात पचन लवकर. पेल्याच्या तळाशी पिवळा गाळ उरतो ना, ती तुमच्या आजीची हळद.

गिरगावकर: आजीला मध्ये आणू नका. 92 वर्षं जगली, गाळासकट. कंपनीत आहात वाटतं?

माटुंग्याचा_जुना: निवृत्त. संत्र्याच्या सरबतात बाटलीच्या गळ्याशी तेलाचं कडं जमायचं, त्यापायी साहेबांच्या शिव्या खाल्ल्यात. तेव्हा तेल धरायला डिंक वापरायचो; तो महाग झाला की हाच स्टार्च धावून यायचा.

मुलुंडची_ताई: अहो, दूधही इमल्शनच की, पाण्यात स्निग्धाचे बारीक थेंब! वर मिरी घाला. 1998 च्या बंगळूरुच्या अभ्यासात 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं 20 मिलिग्रॅम पिपेरीन दिलं, शोषण 2000 टक्क्यांनी वाढलं.

माटुंग्याचा_जुना: नुसत्या कर्क्युमिनने रक्तात जवळजवळ काही सापडतच नव्हतं, त्याच्या वीसपट म्हणजे किती? आणि हळदीत कर्क्युमिन 3 टक्क्यांच्या आसपास. 2 ग्रॅमसाठी 60-70 ग्रॅम हळद घालणार दुधात?

परळची_सुनबाई: मक्याचा स्टार्च उपासाला चालत नाही. टॅपिओकाचा असेल तर चालेल ना? साबुदाणा त्याचाच.

मुलुंडची_ताई: हळदच चालत नाही उपासाला!

परळची_सुनबाई: आमच्याकडे चालते.

मुलुंडची_ताई: कुठल्या गावच्या तुम्ही?

परळची_सुनबाई: गाव कशाला काढता? कसावा दक्षिण अमेरिकेतून आला, तो चालतो. आपल्या शेतातली हळद मात्र बाटते?

गिरगावकर: बरं, 'खळ' मागे घेतो. भाव ते मागे घेणार का?

माटुंग्याचा_जुना: भावाचं मान्य. कर्क्युमिन शोषलं तरी आतडं आणि यकृत त्याचं रूप बदलून टाकतात, तेही बाटलीवर लिहीत नाहीत.

गिरगावकर: मग इतका वेळ भांडलात कशाला?

माटुंग्याचा_जुना: 'खळ' म्हणालात म्हणून.

मुलुंडची_ताई: कोथिंबीर तरी घालता का हो खिचडीत?