मदत हवी आहे: जंजिरा, वेळास आणि सुवर्णदुर्ग एकाच सहलीत कसे बसवावेत?

नमस्कार मंडळी,

मार्चच्या अखेरीस आम्ही घरचे पाच जण पुण्याहून मोटारीने कोकण किनाऱ्यावर जाण्याचे ठरवत आहोत. मात्र ज्या गोष्टींसाठी जायचे आहे त्या सगळ्यांचे वेळापत्रक समुद्राच्या हाती असल्यामुळे आराखडा काही केल्या जुळत नाही. मुलीला वेळासला कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायची आहेत. यजमानांना जंजिरा आणि सुवर्णदुर्ग हे दोन्ही जलदुर्ग आत जाऊन सावकाश पाहायचे आहेत. दिरांना पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची छायाचित्रे हवी आहेत. सासूबाईंची अट एवढीच आहे की, गुडघे दुखत असताना त्यांना होडीतून पाण्यात उतरायला कोणी लावू नये.

सध्या मनात असलेला मार्ग असा आहे. ताम्हिणी घाटाने माणगावला उतरून मुरूडकडे जायचे, राजपुरीहून होडीने जंजिरा पाहायचा, मग आगरदांड्याहून जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, गाडीसकट दिघीला जायचे, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर मागे टाकून बागमांडल्याला पुन्हा जंगलजेटी घ्यायची आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीमार्गे वेळास गाठायचे. तिथून केळशी आणि आंजर्ले करत हर्णैला पोहोचून सुवर्णदुर्ग पाहिला की परतीचा रस्ता धरायचा. नकाशावर हे फार सुबक दिसते. परंतु दोन खाड्या ओलांडण्यात आणि किनाऱ्याच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर किती वेळ जातो, याचा अनुभव असलेल्यांनी हा क्रम योग्य आहे की आधी थेट वेळासला जावे, हे कृपया सांगावे.

पहिली शंका कासवांविषयी आहे. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात, ती अंडी गावकरी आणि कार्यकर्ते कुंपण घातलेल्या जागेत हलवतात, आणि पिल्ले वाळूतून वर आली की ती सकाळी किंवा संध्याकाळी सोडली जातात, एवढे मला ठाऊक आहे. एकाच मुक्कामात पिल्ले दिसतीलच असे कोणी सांगू शकत नाही, हेही मान्य आहे. तरीही तारीख निवडताना काही अंदाज बांधता येतो का? (वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव पाहण्याचे पुणेकरी समाधान तर पिल्ले दिसली नाहीत तरी पदरात पडेलच.)

दुसरी आणि माझ्या दृष्टीने अधिक अवघड शंका सुवर्णदुर्गाची आहे. जी वर्णने वाचली त्यांत किल्ल्यापाशी धक्का नसल्याने गुडघाभर पाण्यात उतरावे लागते, असे बहुतेकांनी लिहिले आहे. महादरवाजाच्या पायरीवर कोरलेले कासव आणि तटातला मारुती मुलीला दाखवायचाच आहे, त्यामुळे आम्ही चौघे जाऊ. पण भरतीची कोणती वेळ सोयीची पडते आणि तेवढ्या वेळात सासूबाईंना कंटाळा येणार नाही अशी जागा जवळपास आहे का?

नातेवाइकांचा आग्रह वेगळाच आहे. 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले आणि त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग असे चार जलदुर्ग आहेत, तेव्हा ‘एवढे जाताच आहात तर मालवणपर्यंत जाऊन या’ असे रोज ऐकावे लागते. मला हे पटत नाही. सिंधुदुर्ग तासाभरात उरकून येण्याचा किल्ला नव्हे, आणि विजयदुर्गाची तिहेरी तटबंदी पाहायला पायांत त्राण हवे. शिवाय आमचा पहिलाच किल्ला, जंजिरा, त्या यादीत नाहीच, तो सिद्दींचा. तरीही मालवण आताच जोडावे असे कोणाचे अनुभवाने मत असेल तर ऐकायला आवडेल.

प्रतिसाद

ताई, मालवण या खेपेस सोडण्याचा तुमचा निर्णय योग्य आहे. दिवाळीनंतर त्यासाठी वेगळे जा आणि येताना विजयदुर्ग करा.

सुवर्णदुर्गासाठी घड्याळाआधी पंचांग पाहावे. आमच्याकडे किनाऱ्यावर तिथीच्या आकड्याच्या पाऊणपट धरून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा ढोबळ हिशेब आहे, दर दिवशी वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी फार चढते आणि फार उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याच्या पातळीतला फरक कमी राहतो आणि घाई करावी लागत नाही. त्यामुळे जमल्यास अष्टमीच्या आगेमागे हर्णैला असा. होडी कधी सोडायची हे मात्र होडीवाल्यालाच ठरवू द्या आणि त्याने वाऱ्यामुळे नाही म्हटले तर आग्रह धरू नका.

सासूबाईंना आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला न्यावे. देवळापर्यंत गाडी जाते आणि तिथून खाली सुवर्णदुर्ग स्पष्ट दिसतो. तुम्ही परत येईपर्यंत त्या निवांत बसू शकतील. दिरांनीही त्याच परिसरात, सुरूची उंच झाडे असतील तिथे, सकाळी नजर ठेवावी. संध्याकाळी हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव सर्वांनाच पाहता येईल, वास सहन होत असेल तर.

क्रम उलटा करावा असे मला वाटते. आधी वेळासला जा आणि तिथे दोन रात्री राहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ मिळून पिल्ले दिसण्याची संधी वाढते. मग हर्णै करा आणि जंजिरा शेवटी, वेळ उरला तर. तारखेचा अंदाज असा बांधता येतो: अंड्यांतून पिल्ले बाहेर यायला साधारण पन्नास-पंचावन्न दिवस लागतात, म्हणजे मार्चअखेरीस दिसणारी पिल्ले फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या अंड्यांची असतात. ज्या घरी उतरणार असाल तिथे मार्चच्या मध्यावर फोन करून फेब्रुवारीच्या आरंभीची किती घरटी कुंपणात आहेत एवढेच विचारा. एकही नसेल, तर मुलीला आधीच कल्पना द्या किंवा तारीख हलवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

काका, मनःपूर्वक आभार. पंचांग काढून बसले आहे. वेळासच्या दोन रात्री नक्की केल्या. जंजिऱ्याविषयी यजमानांशी बोलणे अद्याप बाकी आहे.