बाळंतपणात बाळाला इजा झाली तर भरपाई मागावी का?

सातारकरीण
नात्यातल्या एका घरात बाळ जन्मलं ते रडलंच नाही. काही दिवस काचेच्या पेटीत, मग घरी. वर्षाचं झालं तरी मान धरेना, तेव्हा एमआरआय केला. जन्माच्या सुमारास मेंदूला ऑक्सिजन कमी पडला असावा, असं डॉक्टर म्हणाले. आई रात्रभर कळा देत होती, पण बाळाचे ठोके शेवटचे कधी ऐकले ते कुणीच सांगत नाही. घरात दोन तट पडलेत. सासरे म्हणतात, "भोग आहेत, कोर्टकचेरीने पोर चालायला लागणार का?" चालणार नाही हो! पण रोजची फिजिओथेरपी, आईची सुटलेली नोकरी, आम्ही गेल्यावर त्याचं कोण करणार हा घोर... हलगर्जीपणा झाला असेल तर हे सगळं आईबापानेच का सोसायचं? पैसे घेऊन दिलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय.

टाका_दोरा
मी तालुक्याच्या गावी बाळंतपणं करतो. राग येईल, तरी लिहितो. मूल सेरेब्रल पाल्सीचं (मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा राहत नाही ते) निघालं म्हणजे बाळंतपण बिघडवलं, हे साफ चूक. बहुतेक मुलांत कारण कळांच्या वेळचं नसतंच. अपुरे दिवस, जंतुसंसर्ग, मेंदूची घडण, कितीतरी कारणं. डोकं बाहेर आणि खांदा अडकलेला, अशा वेळी हातात मिनिटं असतात. बाळ वाचतं, पण कधी मानेजवळच्या नसा ताणून हात लुळा पडतो. त्यावर दावा ठोकलात तर उद्या जरा शंका आली की आम्ही सिझर करणार. मग म्हणाल, पैशासाठी कापतात. २०२२ मध्ये राजस्थानात दौसाला बाळंतीण रक्तस्रावाने दगावली. डॉक्टरवर खुनाचा गुन्हा नोंदवला, आणि त्या बाईंनी जीव दिला.

कोर्टाची_पायरी
डॉक्टरसाहेब, खुनाचा गुन्हा आणि भरपाईचा दावा एका दावणीला बांधू नका. दौसात झालं ते वाईटच. डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा दिसायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयात जेकब मॅथ्यू या डॉक्टरच्या खटल्यात २००५ मध्येच ठरलंय. ग्राहक आयोगात प्रश्न साधा असतो: जाणत्या डॉक्टरने एवढी काळजी घेतली असती का? निकाल वाईट लागला एवढ्यावर तिथेही दावा टिकत नाही.

सातारकरीणताई, आधी कागद. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नियमाप्रमाणे ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. तक्रारीची मुदत दोन वर्षं. ती कधीपासून मोजायची यावर वाद होतात, कारण पटलं तर उशीर माफही होतो, पण त्या भरवशावर बसू नका.

निवृत्त_सिस्टर
कागदात पार्टोग्राफ बघा, म्हणजे कळांची प्रगती आणि बाळाचे ठोके वेळेनुसार लिहायचा तक्ता. कळा जोरात असताना ठोके निदान अर्ध्या तासाने ऐकायचे, बाळ बाहेर येण्याच्या वेळी दर पाच मिनिटांनी. मी नोकरीत असे तक्तेही पाहिलेत: रात्रभराच्या नोंदी एकाच पेनाने, एका दमात, १४०, १४२, १४०. ड्युटी संपताना भरलेल्या. खरा तक्ता असा गुळगुळीत नसतो.

टाका_दोरा
आणि रात्रपाळीला एक सिस्टर, तीन टेबलं, हेही लिहा ना. तिने ठोके ऐकायचे की तक्ता भरायचा?

सातारकरीण
माणसं कमी ठेवली कुणी? बाळाने?

परदेशी_पाहुणा
जपानात २००९ पासून वेगळी सोय आहे. बाळंतपणाशी जोडलेली सेरेब्रल पाल्सी निकषांत बसली तर कुणाची चूक हे सिद्ध न करताही एकूण ३ कोटी येन मिळतात, बहुतांश वर्षावर्षाने. शिवाय प्रत्येक प्रकरणाची कारणं तपासून अहवाल देतात. आपल्याकडे? चेन्नईत सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये अपुऱ्या दिवसांची मुलगी जन्मली. डोळ्यांची तपासणी वेळेत सांगितली नाही, ती आंधळी झाली. सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १.८ कोटी दिले, पण २०१५ मध्ये!

टाका_दोरा
अशी योजना आणा, पहिली सही माझी. पण ती येईपर्यंत वकिलाच्या नोटिशीला मी भिणारच.

सातारकरीण
आम्ही अर्ज देतोय. बाळाचे कागद वेगळे मागायचे का? आईला एकीकडे ठेवलं होतं, बाळाला दुसऱ्या दवाखान्यात हलवलं.

कोर्टाची_पायरी
दोन्हीकडे वेगळे अर्ज. हलवतानाची चिठ्ठी विसरू नका. बाळ निघालं कधी, पोचलं कधी आणि तेव्हा त्याची अवस्था काय होती, ते त्यावर असतं.