मेस्सीसोबत दोन मिनिटं बॉल: पोराच्या हाती काय लागतं?

रविवारचा_मास्तर (धागाकर्ता)
१४ डिसेंबर २०२५ ला मेस्सी वानखेडेवर आला, सोबत सुआरेझ आणि डी पॉल. राज्य सरकारच्या फुटबॉलसाठीच्या 'महादेवा' योजनेतल्या तेरा वर्षांखालच्या मुलामुलींबरोबर तो थोडा वेळ बॉल खेळला, सचिनने त्याला दहा नंबरची जर्सी दिली, फोटो निघाले, संपलं. त्या पोरांचा मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. तरी नाशकात नऊ वर्षं रविवारी पोरांना फुटबॉल शिकवणारा माणूस म्हणून सांगतो, हे मला पटलेलं नाही. पोरं मैदानात होती ती कॅमेऱ्यासाठी.

असला सोहळा आपण आधीही पाहिलाय. १७ वर्षांखालचा विश्वचषक भारतात भरला त्याच्या तोंडावर, १५ सप्टेंबर २०१७ ला, 'महाराष्ट्र मिशन १ मिलियन' झालं. एका दिवसात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा! आमच्या भागातल्या एका शाळेत त्यासाठी आलेले बॉल दुसऱ्या दिवशी कपाटात गेले आणि वर्षभराने हवा गेलेले निघाले.

हिरो भेटवायचाच तर बुद्धिबळातल्या विश्वनाथन आनंदसारखा भेटवा. २०२० मध्ये त्याने अकादमी काढली, त्यात गुकेश, प्रज्ञानंद, वैशाली, निहाल आणि आपल्या नागपूरचा रौनक साधवानी. पोरांबरोबर बसून डाव उलगडायचे, चूक दाखवायची. त्याला भेट म्हणतात.

बाउंड्रीबाहेरचा
मास्तर, वानखेडेचंच उदाहरण देतो. १९८७ च्या विश्वचषकाची सेमीफायनल, भारत विरुद्ध इंग्लंड. गूचने स्वीप मारमारून आपल्याला घरी पाठवलं तो सामना. सीमारेषेबाहेर बॉलबॉय म्हणून कोण होतं? चौदा वर्षांचा तेंडुलकर. त्याच्या आधी त्याच वर्षी जानेवारीत ब्रेबॉर्नवर प्रदर्शनी सामन्यात पाकिस्तानला बदली फील्डर कमी पडले, तर हाच पोरगा इम्रानच्या संघाकडून मैदानात उतरला. १९८९ ला कराचीत त्याच इम्रानच्या संघाविरुद्ध पहिली कसोटी. तिथं कुणी त्याला काही 'शिकवलं' नव्हतं. नुसतं दोरीच्या आत जायला मिळालं. ते कमी आहे का?

रविवारचा_मास्तर
कमी नाही. पण तो शिवाजी पार्कच्या नेट्समधून आला होता आणि दुसऱ्या दिवशी तिथंच परत जाणार होता. त्याचे कोच आचरेकर सर तिथं उभे होते. माझ्या पोरांनी सोमवारी जायचं कुठं? मैदानात लग्नाचा मांडव आहे.

पंचगंगेकाठचा
मांडवाचं सोडा मास्तर, आमच्याकडं या. कोल्हापुरात हिरो बघायला तिकीट काढून विमानाची वाट बघावी लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, कुठल्याबी तालमीत जावा, आमच्याकडं तालमी म्हणजेच फुटबॉलचे संघ. रविवारी शाहू स्टेडियमवर ज्याच्या नावानं अख्खी गॅलरी ओरडते, तोच सोमवारी सकाळी गल्लीत पोरांना गोलला उभं करून शूट मारतोय. २०१७ च्या त्या विश्वचषकात भारताकडनं खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. आता सांगा, आमच्या पोरानं मेस्सीचा हात धरायला कशाला जायचं?

(टीव्हीवर मेस्सी आम्हीपण बघतो. फायनलला तर गल्लीत स्क्रीन लावलेला.)

दोन_वेण्या
दादा, सगळं खरं, पण तुमच्या गल्लीतल्या त्या सकाळी मुली किती असतात? माझी लेक अकरा वर्षांची. आमच्याकडे संध्याकाळी मैदानात ती एकटी मुलगी. घरात सासूबाई रोज विचारतात, हे किती दिवस चालणार. त्या दिवशी टीव्हीवर मेस्सीसमोर मुलीही दिसल्या, तेव्हा त्या चहा घेऊन पूर्ण वेळ बसून होत्या. म्हणाल्या, "पोरींना पण घेतात होय." दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला जाताना टोकलं नाही. तुम्हाला हा फोटोचा कार्यक्रम वाटतो, मला त्या फोटोने तीन महिन्यांचं भांडण वाचवलं.

बाउंड्रीबाहेरचा
ताई, एवढंच मला सांगायचं होतं, तुम्ही बरं सांगितलंत.

खिशाला_चटका
कोणी तिकिटांबद्दल बोलणार आहे का? आदल्या दिवशी कोलकात्यात काय झालं ते विसरलात? मेस्सीभोवती पुढाऱ्यांचा आणि खास पाहुण्यांचा असा घोळका की पैसे मोजून आलेल्यांना तो दिसलाच नाही. तो निघून गेला, खुर्च्या-बाटल्या मैदानात पडल्या, आयोजकाला अटक झाली. कोलकात्याच्या त्याच सॉल्ट लेक स्टेडियमवर २०११ ला तो व्हेनेझुएलाविरुद्ध चक्क सामना खेळला होता. १९७७ ला पेले ईडनवर मोहन बागानविरुद्ध खेळला, २-२. तेव्हा हिरो खेळायला यायचे, आता हात हलवायला येतात.

रविवारचा_मास्तर
@खिशाला_चटका, नेमकं. मुंबईत ते टळलं हे मान्य. पण फुटबॉलचा राजा आणला क्रिकेटच्या मैदानात, आणि फुटबॉलचं कूपरेज मैदान तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. यावर कुणाला हसू कसं आलं नाही?

@दोन_वेण्या, तुमच्या सासूबाईंचं मी धरलंच नव्हतं. माझ्याकडे बावीस पोरं आहेत आणि मुली दोनच, त्याही एकमेकींच्या बहिणी. त्यांच्या घरी कोण काय म्हणतं, मी कधी विचारलेलं नाही. 'महादेवा'तल्या त्या पोरांबद्दल मात्र माझा प्रश्न तसाच आहे. पुढच्या डिसेंबरात त्यातली किती खेळत असतील?

पंचगंगेकाठचा
पुढच्या डिसेंबरात हाच धागा वर काढा, मोजू. आणि ताई, मुलींचं बोललात ते टोचलं. आमच्या तालमीत विचारतो.