मदत हवी आहे: ऑटोकॅडमध्ये तुटक रेषा लेआउटवर सलग दिसतात (तातडीचं)

चिखलवाट
नमस्कार. नळ पाणी योजनेचा नकाशा आहे, उद्या सकाळी प्लॉट काढून द्यायचाय. मॉडेलमध्ये (जिथे नकाशा काढतो तिथे) रस्त्याची मध्यरेषा, गावाची शीव, जलवाहिनी सगळं नीट तुटक दिसतं. लेआउटवर (छापायच्या शीटवर) गेलं की सगळ्या रेषा सलग. पीडीएफमध्येही तसंच. लाइनटाइप (रेषांचे नमुने) लोड केलेत, लेयरला लावलेत. एकदा नकाशा परत आलाय, कारण कागदावर रस्ता कुठला आणि पाइप कुठला तेच कळत नाही. एलटीस्केल, म्हणजे सगळ्या तुटक रेषांचं स्केल, थोडं कमीजास्त करून बघितलं, काही फरक नाही. माहीत असेल त्यांनी लगेच सांगा. व्हिडिओची लिंक नको, बघायला वेळ नाही.

रंगपेटी
खाली लाइनवेटचं (रेषेच्या जाडीचं) बटन दाबलंय का? बरेच जण तिथेच अडकतात. शिवाय प्लॉट स्टाइलमध्ये मोनोक्रोमची सीटीबी (छपाईचे रंग आणि जाडी ठरवणारी फाइल) लावा आणि प्रत्येक रंगाला वेगळी जाडी द्या. रस्ता ०.१८, पाइप ०.५०. लगेच ओळखू येईल.

चिखलवाट
जाडीचा प्रश्न नाहीये. तुटक रेषा सलग दिसतात हा प्रश्न आहे.

नकाशेवाला
ऑटोकॅडची आवृत्ती कोणती? ड्रॉइंग मीटरमध्ये की मिलिमीटरमध्ये? एलटीस्केल नेमकं किती आहे? व्ह्यूपोर्टचं, म्हणजे लेआउटवर मॉडेल दाखवणाऱ्या खिडकीचं, स्केल किती? एवढं कळल्याशिवाय कोणीही सांगितलं तरी तो अंदाजच असेल.

वास्तू_आणि_विटा
एवढी चौकशी कशाला? पीएसएलटीस्केल (लेआउटवर डॅश कागदाच्या मापाने धरायचे का ते ठरवणारं) शून्य करा आणि एलटीस्केलमध्ये तुमच्या स्केलचा आकडा टाका. १:५०० असेल तर ५००. आमच्याकडे बंगल्यांचे सगळे प्लॅन असेच होतात, कधी अडलं नाही.

चिखलवाट
२०१८ आहे. मीटर. ए१ शीट, १:५००.
आत्ता एलटीस्केल ५०० करून बघितलं. मॉडेलमध्येही सगळं सलग झालं. आधी निदान तिथे तरी दिसत होतं.

नकाशेवाला
साहजिक आहे. वास्तू, तुमचे बंगले मिलिमीटरमध्ये असतात, म्हणून तुमचा आकडा तिथे चालतो. लाइनटाइपच्या व्याख्या असलेल्या एकॅडआयएसओ.लिन या फाइलमध्ये सेंटर नावाच्या रेषेची एक आवृत्ती, म्हणजे नमुना एकदा पूर्ण होण्याची लांबी, ५०.८ ची आहे: ३१.७५ चा लांब डॅश, ६.३५ मोकळी जागा, ६.३५ चा छोटा डॅश, पुन्हा ६.३५ मोकळी. हे आकडे ड्रॉइंगच्या युनिटमध्ये धरले जातात. मीटरच्या ड्रॉइंगमध्ये एलटीस्केल ५०० म्हणजे एक आवृत्ती २५,४०० मीटरची. गावाचा रस्ता दोन किलोमीटरचा. रेषेच्या लांबीत एक आवृत्तीही मावली नाही तर ऑटोकॅड ती सरळ सलग काढतं.

चिखलवाट, ५०० करायच्या आधी एलटीस्केल किती होतं ते सांगा. पीएसएलटीस्केल आणि एमएसएलटीस्केल टाइप करून कंसात काय येतं तेही. आणि मॉडेल टॅबवर खाली उजवीकडे अ‍ॅनोटेशन स्केल काय निवडलंय?

टी_स्क्वेअर
मी आयटीआयमध्ये निदेशक होतो, आता निवृत्त. मुलांना आधी रेषा हाताने काढायला लावत असू, त्याचं कारण अशा वेळी कळतं. भारतीय मानक ब्युरोच्या एसपी ४६ मध्ये रेषांचे प्रकार आणि वापर दिलेले आहेत. मध्यरेषा एकमेकींना छेदतात त्या ठिकाणी डॅश आला पाहिजे, मोकळी जागा नव्हे. लपलेली कड दाखवणारी तुटक रेषा बाह्यरेषेला डॅशने टेकली पाहिजे. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनने काढताना हात आपोआप तसा थांबायचा. आजची मुलं सॉफ्टवेअरवर सोडून देतात.

वास्तू_आणि_विटा
काका, नियम बरोबर आहे, पण त्याला उद्या सकाळी प्लॉट द्यायचाय.

नकाशेवाला
सरांचा मुद्दा निरर्थक नाही. लिन फाइलमध्ये व्याख्येच्या ओळीच्या सुरुवातीला जे ए हे अक्षर असतं, ते याचसाठी. त्यामुळे रेषेची दोन्ही टोकं डॅशवर येतात, मोकळ्या जागेवर नाही. छेदनबिंदूची हमी मात्र ते देत नाही. तिथे रेषा तोडावी तरी लागते, नाहीतर त्या एकाच रेषेचं स्केल प्रॉपर्टीजमधून बदलावं लागतं.

चिखलवाट
एलटीस्केल .००१ होतं. पीएसएलटीस्केल १. एमएसएलटीस्केल १. अ‍ॅनोटेशन स्केल १:५००.

नकाशेवाला
सापडलं.

एमएसएलटीस्केल १ असलं की मॉडेलमध्ये एलटीस्केलला अ‍ॅनोटेशन स्केलने गुणलं जातं. यादीतलं तयार १:५०० म्हणजे कागदावरचा १ = ड्रॉइंगमधले ५००. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल तेव्हा ते बरोबर. तुमचं मीटरमध्ये आहे, म्हणून रेषा हजारपट ताणल्या गेल्या, आणि त्या दिसाव्यात म्हणून कोणीतरी एलटीस्केल .००१ केलं. ५०० गुणिले .००१ म्हणजे ०.५, मॉडेलमध्ये छान दिसलं.

लेआउटवर हिशोब वेगळा. पीएसएलटीस्केल १ असताना डॅश कागदाच्या युनिटमध्ये मोजले जातात, तुमच्या शीटवर मिलिमीटरमध्ये. तिथे ५०० ने गुणायला कोणी नाही. ५०.८ ची आवृत्ती .००१ ने गुणली की कागदावर ०.०५ मिलिमीटर. ती सलगच दिसणार. तुम्ही .००१ चं .००२ केलंत तरी फरक दिसणं शक्य नव्हतं.

आता असं करा. एलटीस्केल १. पीएसएलटीस्केल १ आहे तसंच ठेवा, ते लेआउटच्या टॅबवर जाऊन तपासा. मॉडेलमध्ये अ‍ॅनोटेशन स्केलच्या यादीत कस्टममधून नवीन स्केल बनवा: पेपर युनिट १, ड्रॉइंग युनिट ०.५. नाव द्या १:५०० मीटर. तेच निवडा. मग रिजेनऑल. रिजेनऑल म्हणजे सगळं पुन्हा काढायची आज्ञा. व्ह्यूपोर्ट २एक्सपीवर आहे ना? एक मीटर म्हणजे कागदावर दोन मिलिमीटर, तोच १:५००.

वास्तू_आणि_विटा
एवढी स्केलं बनवण्यापेक्षा एमएसएलटीस्केल शून्य करावं. मॉडेल कसं दिसतं याच्याशी कोणाला देणंघेणं आहे? छापून लेआउट जातो.

नकाशेवाला
काम मॉडेलमध्ये करतात. तिथे पाइप आणि रस्ता सारखे दिसले तर चुकीच्या रेषेला हात लागतो. पण हो, घाई असेल तर शून्य करूनही चालेल. मला खरी काळजी तुमच्या पीएसएलटीस्केल शून्यची आहे. एकाच शीटवर १:५०० चा प्लॅन आणि व्हॉल्व्ह चेंबरचा १:५० चा तपशील असेल, तर शून्यवर तपशिलातले डॅश प्लॅनच्या दहापट मोठे येतात. एक ठेवलं की दोन्हीकडे सारखे.

वास्तू_आणि_विटा
आम्ही तपशील वेगळ्या शीटवर काढतो, म्हणून कधी जाणवलं नाही. तरी मिलिमीटरमध्ये एकाच स्केलचं काम असेल तर माझी पद्धत चुकीची नाही.

चिखलवाट
मध्यरेषा आणि शीव लेआउटवर दिसायला लागली!! डॅश जरा लांब आहेत पण दिसतात. मॉडेलमध्येही तशीच.
नाल्याचा काठ मात्र सलगच आहे. आणि जलवाहिनीवरचं डब्ल्यू अक्षर गायब झालं.

मोजणीदार
नाला टोटल स्टेशनच्या (मोजणी यंत्राच्या) पॉइंटवरून जोडलाय का? किती अंतरावर पॉइंट घेतलेत? आणि तो आधी मॉडेलमध्ये तरी तुटक दिसत होता का?

चिखलवाट
नाही, तो तिथेही सलगच होता. दोन-तीन मीटरवर पॉइंट आहेत.

मोजणीदार
मग तो पीलाइनजेनचा, म्हणजे पॉलीलाइनवर (अनेक बिंदू जोडून काढलेल्या एका रेषेवर) डॅश कसे पडतात त्याचा विषय आहे, स्केलचा नाही. पॉलीलाइनच्या प्रत्येक शिरोबिंदूवर डॅशची आवृत्ती नव्याने सुरू होते. दोन पॉइंटमधलं अंतर तीन मीटर, म्हणजे तुमच्या कागदावर सहा मिलिमीटर. डॅश्ड या रेषेची आवृत्ती १९.०५ ची. एकाही तुकड्यात ती मावत नाही, म्हणून प्रत्येक तुकडा सलग.

नाला निवडा, प्रॉपर्टीजमध्ये लाइनटाइप जनरेशन एनेबल्ड करा. समोच्च रेषाही त्याच वेळी निवडा, त्यांनाही लागेल. पीलाइनजेन १ करून फक्त यापुढे काढलेल्या पॉलीलाइनना फरक पडतो, जुन्यांना हातानेच करावं लागतं. सर्व्हेच्या फाइलवर काम करणाऱ्याने हे सगळ्यात आधी करावं असं माझं ठाम मत आहे. मी स्केलशी झुंजणारी पुष्कळ मुलं बघितलीत आणि मूळ कारण दर वेळी शिरोबिंदू निघालंय.

सह्यकडा
यासाठी ऑटोकॅडच कशाला? क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे. रेषेच्या शैलीत डॅश मिलिमीटरमध्ये द्यायचे की नकाशाच्या युनिटमध्ये, ते तिथेच निवडता येतं. निर्देशांक प्रणालीही सांभाळली जाते. पाणीपुरवठ्याचे नकाशे तिथेच व्हायला हवेत.

मोजणीदार
क्यूजीआयएस मीही वापरतो, चांगलंच आहे. पण पुढच्या ऑफिसला डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) द्यायची असेल तर काय कराल?

सह्यकडा
डीएक्सएफ (इतर सॉफ्टवेअरशी देवाणघेवाणीची फाइल) काढून द्यायची. सवय बदलल्याशिवाय फुकटची साधनं रुजणार कशी? लिब्रेकॅड हे फुकटचं कॅडही आहे.

नकाशेवाला
लिब्रेकॅडमध्ये स्वतःच्या रेषा बनवता येत नाहीत, ठरावीक यादीतूनच घ्याव्या लागतात. इथे तेच लागणार आहे.

चिखलवाट, जलवाहिनीची रेषा कुठून आणली? व्याख्या इथे टाका.

चिखलवाट
नाला झाला. समोच्च रेषाही झाल्या. मोजणीदार, खूप आभार.
रेषा नेटवरून घेतली होती, गॅस लाइनची, जीएएसच्या जागी डब्ल्यू केलं. ए, .५, -.२, मग कंसात डब्ल्यू, स्टँडर्ड, एस=.१, यू=०.०, एक्स=-०.१, वाय=-.०५, मग -.२५.

नकाशेवाला
ही इंचांची आहे, एकॅड.लिनमधली. तुमच्या कागदावर अर्ध्या मिलिमीटरचा डॅश आणि ०.१ मिलिमीटरचं अक्षर. एकॅडआयएसओमध्ये हेच आकडे २५.४ ने गुणलेले असतात, .५ च्या जागी १२.७. पण गुणत बसू नका. आता एलटीस्केल १ आणि पीएसएलटीस्केल १ आहे, म्हणजे लिन फाइलमधला आकडा तोच कागदावरचा मिलिमीटर. पट्टी घेऊन कागदावर जसं हवं तसं लिहा.

नोटपॅडमध्ये नवी फाइल करा, मूळ एकॅडआयएसओला हात लावू नका. पहिली ओळ तारांकनाने सुरू: नाव, स्वल्पविराम, वर्णन. दुसरी ओळ: ए, १५, -२, चौकटी कंसात अवतरणात डब्ल्यू, स्टँडर्ड, एस=२.५, यू=०, एक्स=०, वाय=-१.२५, कंस बंद, -४.५. शेवटी एन्टर. फाइलमध्ये अर्थातच रोमन अक्षरं आणि रोमन आकडे.

अर्थ असा: १५ मिलिमीटर रेषा, २ मोकळी, तिथून २.५ उंचीचं अक्षर (तोच एस). अक्षराची उंची रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी यावी म्हणून वाय उणे १.२५. शेवटचे ४.५ म्हणजे अक्षराची जागा आणि पुढची थोडी मोकळीक. घन आकडा डॅश, ऋण आकडा मोकळी जागा, शून्य म्हणजे ठिपका, एवढंच व्याकरण. ऊर्ध्ववाहिनी (टाकीपर्यंत पाणी चढवणारी) आणि वितरण वाहिनी वेगळ्या दाखवायच्या असतील तर डब्ल्यूच्या जागी आरएम (रायझिंग मेन) आणि डीएम (डिस्ट्रिब्युशन मेन) करून आणखी दोन बनवा, शेवटची मोकळी जागा ७ करा. मध्यरेषेचे डॅश लांब वाटत असतील तर तीही स्वतःची बनवा: ए, १०, -१.५, १.५, -१.५.

स्टँडर्ड स्टाइलची उंची शून्य आहे ना ते बघा. तिथे काही आकडा असेल तर एस त्याला गुणलं जातं आणि अक्षर भलतंच मोठं येतं.

चिखलवाट
फाइल बदलली, काहीच फरक नाही. अक्षर अजून दिसत नाही.

मोजणीदार
नाव तेच ठेवलंत का? ड्रॉइंगमध्ये जुनी व्याख्या साठवलेली असते, फाइल बदलल्याने ती बदलत नाही. लाइनटाइप मॅनेजरमधून पुन्हा लोड करा, रीलोड करू का विचारेल, हो म्हणा. मग रिजेनऑल. पाइपलाइनच्या पॉलीलाइनलाही जनरेशन एनेबल्ड करा, नाहीतर वळणावळणाच्या गल्लीत अक्षर येणारच नाही.

चिखलवाट
आलं. तिन्ही वाहिन्या वेगळ्या दिसतात. गावठाणाच्या गल्ल्यांमध्येही अक्षर येतं. अक्षर वाचता येईल असंच उभं राहतं, पाइप उजवीकडून डावीकडे काढला असला तरी.

नकाशेवाला
ते यू मुळे. जुन्या फाइलींमध्ये त्या जागी आर असतं, तिथे रेषा ज्या दिशेने काढली तसं अक्षर फिरतं आणि उलटंही येतं. यू २०११ पासून आहे.

टी_स्क्वेअर
चिखलवाट, प्लॉट हातात आल्यावर संदर्भसूचीत प्रत्येक रेषेचा नमुना काढलाय का ते बघा. नमुन्याची रेषा निदान दोन आवृत्त्या मावतील एवढी लांब ठेवा. तुमच्या आकड्यांनी एक आवृत्ती २१.५ मिलिमीटर होते, म्हणजे नमुना ४५ मिलिमीटरचा हवा. सूचीतला नमुना आखूड पडून सलग दिसला तर तपासणारा पुन्हा तेच विचारेल.

चिखलवाट
सर, सूचीत १५ चेच होते. वाढवतो. आरएमच्या रेषेला ५० घेतो.

भाताचं_शेत
धागा वर काढतेय. माझा प्रश्न जवळचाच आहे: पंपहाउसचा ब्लॉक (एकत्र बांधलेलं तयार चित्र) दुसऱ्या ऑफिसकडून आलाय, त्याच्या आतल्या तुटक रेषा बाकी नकाशापेक्षा फार बारीक दिसतात. लेयर बदलून फरक पडत नाही.

मोजणीदार
ब्लॉक एडिटरमध्ये उघडा आणि आतल्या रेषा निवडून प्रॉपर्टीजमध्ये लाइनटाइप स्केल बघा. ज्याने काढला त्याचं सीईएलटीस्केल (नव्या रेषेला लागणारं तिचं स्वतःचं स्केल) बहुतेक ०.१ वगैरे असणार, ते प्रत्येक रेषेला चिकटून येतं आणि तुमच्या एलटीस्केलला गुणलं जातं. सगळ्यांना १ करा. एक विचारतो, ड्रॉइंग मीटरमध्ये आहे का?

भाताचं_शेत
ब्लॉक मिलिमीटरमध्ये आहे, नकाशा मीटरमध्ये.