अंगणातला लव्हाळा, तणनाशकाशिवाय (मदत हवी आहे)
नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आमचं घर आहे, अंगणात चिरे बसवलेत. पाऊस लागला की फटीफटीतून तण उसळतं. टाकळ्याची तक्रार नाही, तो कोवळा असतानाच भाजीला जातो. वैताग आहे तो लव्हाळ्याचा. उकळतं पाणी ओतलं की वरची पाती करपतात, पण जमिनीखालच्या त्याच्या गाठी (म्हणजेच नागरमोथा) शाबूत. थोड्या दिवसांत कोंब पुन्हा हजर. व्हिनेगरची तीच गत.

शेजारचे काका म्हणतात, जाडं मीठ टाक. माडाला मीठ चालतं हो, पण लगत अबोली आहे आणि पलीकडे विहीर. ग्लायफोसेटसारखं रासायनिक तणनाशक नकोच, मांजरं अंगणातच लोळतात.

उन्हाळ्यात काळं प्लास्टिक अंथरून कुणी लव्हाळा मारला आहे का? त्याचे टोकदार कोंब पातळ कागद भोसकून वर येतात, मग जाडी किती घ्यावी आणि किती आठवडे ठेवावं? की गाठी खणून काढण्याला पर्यायच नाही? फटी सिमेंटने बुजवायचा सल्ला कृपया नको, पाणी मुरायला हवं.