मदत हवी आहे: ८० च्या दशकातली गाणी, क्रम लागत नाही (तातडीचं)

रावेरची_केळी
मंडळी, दोन रात्री वाया गेल्या. २२ गाणी जमवली, नंबर टाकले, घरी बरोबर वाजतात आणि तिथे लावली की उलटसुलट. सुरुवात युरोपच्या 'फायनल काउंटडाउन'ने व्हायला हवी, तर स्टीव्ही वंडर 'आय जस्ट कॉल्ड' म्हणत फोन करून मोकळा होतो. रविवारी दादाची साठी आहे. गाणी कुठली घ्यावी हे विचारत नाहीये, ती ठरलेली आहेत. लवकर सांगा.

जंक्शन
'तिथे' म्हणजे कुठे?

सूरपेटी
सोपं आहे. ऑडासिटी नावाचं गाणी कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते उतरवून घ्या. सगळी गाणी एकामागोमाग लावा, एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडावर चार सेकंद चढवा आणि एकच लांब फाइल करा. आधी सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणा, नाहीतर एक गाणं कुजबुजतं आणि पुढचं कानात ओरडतं. मी साडूच्या लग्नाला असंच केलं होतं, लोक अजून विचारतात.

आबा_धुळेकर
बोनी एम घेतलं का? 'रासपुतिन' नसेल तर साठी कशाची!

जंक्शन
आबा, 'रासपुतिन' १९७८ चं आहे. 'डॅडी कूल' तर १९७६ चं. धाग्याचं नाव वाचा.

आबा_धुळेकर
कॅलेंडर तुमच्याकडे ठेवा. आमच्या गल्लीत ते पंच्याऐंशीच्या गणपतीत वाजलं, म्हणून ते ऐंशीचं. मुंबईत गाणं उतरायचं, कल्याणला कुणी भरून घ्यायचं, आमच्यापर्यंत पोचेस्तोवर गायकाचं टक्कल पडायचं.

पारोळेकरीण
मग 'हॉटेल कॅलिफोर्निया' पण घाला, तेही सत्तरचंच. आणि नाझिया हसन कुणालाच कशी आठवली नाही? 'डिस्को दीवाने' १९८१, संगीत बिड्डूचं. सगळं इंग्रजीच कशाला?

रावेरची_केळी
अहो गाणी ठरलेली आहेत! तिथे म्हणजे गाडीत. दादाच्या गाडीत, पेनड्राइव्हवर. घरी म्हणजे लॅपटॉपवर.

जंक्शन
हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना भाऊ. आता दोन गोष्टी सांगा. नंबर १, २, ३ असे टाकले की ०१, ०२, ०३? आणि सगळी गाणी भरल्यावर मधलं एखादं काढून दुसरं टाकलं का?

चोपडा_लाइव्ह
पेनड्राइव्ह कशाला, फोन जोडा आणि ॲपवर यादी करा. गाणी आपोआप एकमेकांत मिसळतात.

पारोळेकरीण
पाल गावाकडे गाडी वळली की रेंज गेली. मग काय दादा स्वतः गातील?

रावेरची_केळी
१, २, ३ असेच टाकले. आणि हो, तीन गाणी बदलली. खरखर होती म्हणून दुसरीकडून आणली.

जंक्शन
दोन्हीकडे घोळ आहे. लॅपटॉप शहाणा आहे, त्याला २ नंतर १० येतं हे कळतं. कित्येक गाड्यांच्या टेपला कळत नाही, त्या १ नंतर थेट १०, ११ वाजवतात. आणि बऱ्याच टेप नाव बघतच नाहीत. ज्या क्रमाने फाइलींची नोंद पेनड्राइव्हवर झाली त्या क्रमाने वाजवतात. तुम्ही गाणं पुसलं की त्याची जागा रिकामी होते आणि नवीन फाइल त्या रिकाम्या जागेत जाऊन बसू शकते, नंबर कितीही असो.

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये (फाइली मांडायची एक पद्धत, फॉरमॅट करताना निवडता येते) फॉरमॅट करा. नावं ०१ पासून द्या. मग एक एक गाणं क्रमाने कॉपी करा, सगळी एकदम ओढू नका. कंटाळवाणं आहे पण वीस मिनिटांचं काम आहे. नंतर एकही गाणं बदलायचं झालं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

सूरपेटी
म्हणूनच म्हणतो, एकच फाइल करा. क्रमाचा प्रश्नच मिटला.

जंक्शन
आणि साठीच्या माणसाला एखादं गाणं पुन्हा ऐकायचं असेल तर? दीड तासाच्या फाइलीत बटण दाबून शोधत बसेल, गाडी चालवता चालवता.

आबा_धुळेकर
पण क्रमाचा एवढा हट्ट कसाले भो? गाणी तीच ना!

रावेरची_केळी
आबा, सांगायचं राहिलंच. भुसावळला रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन अंकल होते, ड्रायव्हर. १९८७ मध्ये त्यांनी दादाला नव्वद मिनिटांची कॅसेट भरून दिली होती. दादाने ती इतकी घासली की एक गाणं संपलं की दुसरं सुरू व्हायच्या आधी आम्ही त्याचा सूर धरायचो. एका मे महिन्यात खिडकीत राहिली आणि वाकली. मला तीच कॅसेट हवी आहे, त्याच क्रमाने.

जुना_डेक
वाकली तर फेकू नका! कवच वाकतं, पट्टी बऱ्याचदा ठीक असते. स्क्रूवाली असेल तर उघडा, दोन्ही चकत्या दुसऱ्या रिकाम्या कवचात बसवा. स्क्रू नसतील तर ब्लेडने जोडावरून हळूच.

रावेरची_केळी
१९९४ मध्येच आईने भांडीवालीला दिली.

पारोळेकरीण
भाऊ, एक विचारू? नव्वदच्या कॅसेटला एका बाजूला ४५ मिनिटं. अकरा गाणी बरोबर मावत होती?

रावेरची_केळी
नाही ना ताई. अ बाजूच्या शेवटी 'केअरलेस व्हिस्पर' होतं, ते अर्ध्यातच तुटायचं. सॅक्सोफोन परत येतो तिथे खट्. पूर्ण गाणं मी पहिल्यांदा कॉलेजात ऐकलं.

सूरपेटी
मग आता तरी पूर्ण टाका, अख्खं.

पारोळेकरीण
अजिबात नको! तिथेच तोडा.

सूरपेटी
तुटलेलं गाणं भेट म्हणून देता? लोक म्हणतील फाइल खराब आहे.

आबा_धुळेकर
लोकांना भरीत-पुरी खाऊ घाला, ते काही म्हणत नाहीत. बाकी रविवारी भरीत करायला कोण येतंय? वांगी बामणोदची आणा, काड्यांवर भाजा, गॅसवर नको.

रावेरची_केळी
जंक्शनभाऊ, झालं! ०१ पासून नावं दिली, एक एक करून भरलं. आत्ता अंगणात दादाच्या गाडीत बसून सगळी २२ तपासली, दादा बाजारात गेलाय. 'केअरलेस व्हिस्पर' ऑडासिटीत उघडून सॅक्सोफोनवरच कापलं, सूरपेटी, तेवढे तुमचे आभार. खट् आवाजही हवा होता, तो शेजारच्यांच्या जुन्या टेपचं बटण दाबून फोनवर रेकॉर्ड केला. आबा, वांगी सांगितली आहेत.

चोपडा_लाइव्ह
माझ्या गाडीत पेनड्राइव्ह लावला की 'फाइल नाही' असं येतं. गाणी तर आहेत. काय करू?

जंक्शन
किती जीबीचा? आणि कशात फॉरमॅट केलाय?