अनुभव हवेत: छंदाचा गृहपाठ झाला तेव्हा तुम्ही काय केलंत?

ओलीशाई (कर्वेनगर)

४११ दिवस मी रोज एक स्केच काढलं. ४१२व्या दिवशी रात्री पावणेबाराला मोबाइलमधल्या जुन्या फोटोवरून विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग आठ मिनिटांत उरकला, स्टेटसला टाकला आणि पेनाचं टोपण लावताना जाणवलं की चित्रातल्या सुरूदार खांबांकडे मी बघितलंसुद्धा नव्हतं. हाताला पाठ होते, हातानं काढले.

सुरुवात इंकटोबरपासून झाली. जेक पार्कर या चित्रकारानं २००९ मध्ये स्वतःचा शाईचा हात सुधारायला हे सुरू केलं: ऑक्टोबरचे ३१ दिवस, ३१ चित्रं. गंमत म्हणजे रोज जमत नसेल तर दिवसाआड काढा, नाहीतर आठवड्याला एक, अशी सूट त्यानंच देऊन ठेवलीय. मी ती वाचली होती. आपल्याला लागू नाही असं परस्पर ठरवलं आणि ऑक्टोबर संपल्यावरही थांबले नाही. गेल्या दिवाळीत सगळे फराळाला बसलेले असताना मी बाथरूममध्ये बसून पणती काढलीय.

कुणी जबरदस्ती केलेली नाही. सासू मीच, सूनही मीच.

तुमचं असं झालंय का? गाणं, विणकाम, लिखाण, फोटो, काहीही. 'मन शांत ठेवा' छापाचे सल्ले नकोत, प्रत्यक्ष काय बदललंत ते लिहा. छंद सोडून दिला असेल तर तेही लिहा.

उलटासुलटा (सिंहगड रोड)

बाथरूममधली पणती वाचून हसले आणि मग गप्प बसले. मी एका डोहाळजेवणाला सीमंतिनीच्या ओटीत घालायचं टोपडं कार्यक्रमाच्याच हॉलच्या जिन्यात बसून पूर्ण केलेलं आहे.

भाचीच्या डोहाळजेवणाला हौसेनं क्रोशाचा बाळंतविडा केला. टोपडं, झबलं, कुंची, मोजे, दुपटं, सगळं फिक्या पिवळ्यात. तिथल्या तिथे चार बायकांनी "आमच्याकडे पण आहे हं मार्चमध्ये" म्हणून सांगून ठेवलं. "लोकरीचे पैसे देऊ" हे वर. एका दुपट्याला मला तीस-पस्तीस तास लागतात. तेवढ्या तासांचा हिशोब कुणाला सांगायला गेलं की समोरची तुळशीबागेतल्या तयार सेटची किंमत सांगते. बरं, बाकीच्या कामात मुदत वाढवून मिळते. इथे तारीख डॉक्टरांनी दिलेली आणि बाळ त्याच्याही आधी हजर! दीड वर्षात अकरा बाळंतविडे झाले. उजवा अंगठा असा धरला की भाकरी थापता येईना. लोकरीची पिशवी दिसली की पोटात गोळा यायचा, आणि ती पिशवी तर मीच हौसेनं लक्ष्मी रोडवरून भरून आणलेली.

नाही म्हणायला मला जमत नाही, अजूनही जमत नाही. म्हणून वस्तूच लहान केली. आता कुणीही सांगितलं तरी फक्त टोपडं मिळतं. दोन संध्याकाळी, विषय संपला. "विडा करत नाही, टोपडं करते" हे वाक्य मी आरशासमोर म्हणून बघितलं होतं, खोटं कशाला सांगू.

दुसरं जरा वेड्यासारखं आहे. सुयांवर एक पट्टी कायम चालू असते, ती कशाचीच नाही. उलटे-सुलटे टाके, मनाला येईल तो नमुना, लोकर संपली की उसवायची. उसवलेली लोकर कुरळी होते, ती वाफेवर धरून सरळ करायची आणि पुन्हा सुरू. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांचा जीव खालीवर झाला, "अगं, एवढं केलेलं उसवतेस?" आता त्याच विचारतात, आज काय उसवलंस.

निवृत्त_षड्ज (पर्वती पायथा)

बँकेतून साठाव्या वर्षी सुटलो आणि गाणं शिकायला लागलो. इथपर्यंत उत्तम. पण आम्ही बँकवाले, पुढची ग्रेड दिसली की हात शिवशिवतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एकामागून एक देत गेलो: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम. परीक्षेच्या बाकावर शेजारी अकरा वर्षांची मुलगी. तिनं मला विचारलं, "आजोबा, तुमचा झपताल झाला का पाठ?" माझा झाला नव्हता. तिचा दुप्पट लयीतल्या दुगुनीसकट झाला होता.

मध्यमा पूर्णच्या तयारीत रक्तदाबाची गोळी वाढली. पहाटे तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून बसायचो आणि डोळे घड्याळावर. त्या डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला गेलो. समोर एवढे मोठे कलाकार गातायत आणि मी ताना मोजतोय, आलाप लांबला म्हणून मनातल्या मनात गुण कापतोय. बायकोला म्हटलं, चल घरी. तिला वाटलं थंडी वाजतेय.

फॉर्म भरला नाही. गाण्याच्या बाईंना सांगितलं तर त्यांनी सहा महिने फक्त भूप राग दिला. सा रे ग प ध, पाच स्वर. मला तो अपमान वाटला, भूप आमचा प्रारंभिकलाच झालेला! दोन महिने फुगून गायलो. मग एकदा दुपारी वीज गेलेली, अ‍ॅप बंद, घड्याळही दिसत नव्हतं, गंधारावर कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो. काय झालं ते मला सांगता येणार नाही. उठलो तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती.

मात्र परीक्षांना नावं ठेवणार नाही. पहिली दोन वर्षं त्यांच्याच धाकानं बसलो, नाहीतर मी तिसऱ्या आठवड्यात पळालो असतो. धाक कधी उतरवून ठेवायचा ते कळायला वेळ लागला, इतकंच.

पेठेतला (सदाशिव)

छंद आहे की नोकरी? नकोसा झाला तर सोडावा. आमच्या वडिलांनी तीस वर्षं पोस्टाची तिकिटं जमवली. एक दिवस पेटी बंद केली ती केली. त्यावर ना चर्चा, ना चहा.

उलटासुलटा

@पेठेतला, पेटी टाकून दिली का हो त्यांनी?

पेठेतला

माळ्यावर आहे. दर दसऱ्याला खाली काढून पुसायचे. मुद्दा तो नाही.

पाणथळ (हडपसर)

मुद्दा तोच आहे, काका.

मी पक्ष्यांचे फोटो काढतो. हिवाळ्यात रविवारी पहाटे कवडीपाट, नाहीतर भिगवण. सुरुवातीला नदीकाठी धुक्यात चक्रवाकांचा आवाज ऐकूनच पैसे वसूल व्हायचे. मग मोठी लेन्स हप्त्यांवर घेतली, आणि हप्ता म्हटला की लेन्सनं काम केलंच पाहिजे. त्यात वर्षात ३०० जातींचं लक्ष्य. ग्रुपवर कुणी पट्टकादंबाचा उडतानाचा फोटो टाकला की माझा रविवार आंबायचा. समोर ढोकरी उभी असायची अगदी हाताच्या अंतरावर, आणि मी म्हणायचो, ही झालीय. 'झालीय'! लसीकरणाच्या यादीसारखं.

पाषाणच्या तलावावर एका लहान मुलानं विचारलं, "दादा, हा काय खातो?" मला सांगता येईना. जात माहीत, लॅटिन नाव माहीत, शटरस्पीड माहीत.

लेन्स विकायचा विचार केला, मग फक्त एक केलं. महिन्याचा पहिला रविवार कॅमेरा घरी, दुर्बीण तेवढी गळ्यात, आणि जायचं वेताळ टेकडीवर, जिथे 'नवीन' काही मिळायची शक्यता फार कमी. पहिल्या दोन खेपा हात रिकामे म्हणून कासावीस झालो. तिसऱ्या वेळी एक वेडा राघू बघितला. माशी पकडून फांदीवर परत यायचा, ती दोन-चारदा फांदीवर आपटायचा, मग गिळायचा, की पुन्हा उड्डाण. पंचवीस मिनिटं उभा होतो. तो तर माझा पहिल्या वर्षीच 'झालेला'.

यादी करणं सोडलेलं नाही. ई-बर्डवर नोंदी टाकतो, त्या अभ्यासकांच्या उपयोगी पडतात आणि त्यात साळुंकीलाही जागा असते. आकडा मात्र आता मी उघडून बघत नाही. जवळजवळ नाही.

वर्गाबाहेर (डेक्कन)

कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला. ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायला मुळातच आवडतं अशी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेनं ठेवली. बक्षीस कबूल करून चित्रं काढलेली मुलं आता इतरांच्या निम्माच वेळ त्यांच्याकडे फिरकली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नाही.

मुलांना बक्षीस दुसऱ्यांनी लावलं होतं. आपण मोठी माणसं स्वतःच लावून घेतो, तेव्हा तिथलं जसंच्या तसं इथे लागू करू नका, हे मी पोरांनाही सांगते. पण निवृत्त_षड्ज यांच्या भुपाबद्दल वाचताना ती चांदणी आठवली.

माझं स्वतःचं? मोडी लिपी. बोरूनं सुरेख वळण काढायचे. कुणीतरी म्हणालं कार्यशाळा घे, घेतली, पुढच्या सहा घेतल्या, आता बोरू घरात कुठे आहे ते शोधावं लागेल. उपाय सापडलेला नाही. वाचतेय.

किल्लेदार (धनकवडी)

माझा छंद वर्षातून पंधरा दिवसांचा, तरी वाट लावून दाखवली. दिवाळीचा किल्ला.

लहानपणी विटा, गोणपाट, लाल माती, वर अळीव पेरायचे की झालं. लेक दुसरीत गेली त्या वर्षी सोसायटीनं किल्ले स्पर्धा ठेवली आणि माझ्यातला सिव्हिल इंजिनिअर जागा झाला. राजगड करायचा. पद्मावती, सुवेळा, संजीवनी, तिन्ही माच्या प्रमाणात, समोच्च रेषांचा नकाशा काढून. ऑफिसातून रजा टाकली. पहिल्या वर्षी पहिला नंबर, आणि तिथेच फसलो, कारण पुढच्या वर्षी तो राखायचा होता. कुंभारवाड्यातले मावळे आकारानं मोठे वाटतात म्हणून मी परत केले. हो, परत. पोरगी रडली.

तिसऱ्या वर्षी तिनं बालेकिल्ल्यावर डायनासोर ठेवला. हिरवा, प्लॅस्टिकचा. परीक्षक यायला अर्धा तास होता. मी तिच्यावर ओरडलो, तेही सगळ्या पार्किंगसमोर. ती काही बोलली नाही, डायनासोर उचलला आणि वर निघून गेली. पहिला नंबर आला. ढाल अजून टीव्हीशेजारी आहे, बायको मुद्दाम हलवू देत नाही.

गेल्या दिवाळीला स्पर्धेत नाव दिलं नाही. किल्ला गॅलरीत केला, कुठलाच नाही, नुसता किल्ला. तिला म्हटलं, तू सांग, मी माती कालवतो. आता ती पाचवीत आहे. तिनं आधी सांगितलं, "बाबा, मला क्लास आहे, साडेसातनंतर." साडेसातला आली आणि दीड तास खंदक खणत बसली. पाणी खालच्या मजल्यावर गळलं, त्यांचं बोलणं मी खाल्लं. डायनासोर तिनं ठेवला नाही. मी विचारणार होतो, नाही विचारलं.

ऑगस्टातली_दिवाळी (बिबवेवाडी)

किल्लेदार, तुमच्या डायनासोरवर कथा होईल असं मनात आलं आणि पाठोपाठ 'जुलैअखेर द्यायला हवी' हेही आलं. हाच माझा आजार.

१९०९ मध्ये 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष जुलैत संपतं. आधी मी एका अंकाला कथा द्यायचो, मग पाच. ऑफिस सांभाळून पाच कथा म्हणजे पावसाळाभर घरात मी असून नसल्यासारखा. त्या काळातल्या माझ्या कथा काढून बघा, प्रत्येकीत पाऊस पडतोय. कल्पना सुचत नव्हत्या, खिडकीबाहेर जे दिसेल ते आत घेत होतो.

दोन वर्षांपूर्वी नियम केला: कथा आधी लिहून झालेली असेल तरच अंकाला होकार. एका संपादकांनी तेव्हापासून फोन करणं बंद केलं. त्याचं वाईट वाटतं, चहाला भेटायचो आम्ही. आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी एकही कथा झाली नाही. मुदत गेल्यावर मोकळं वाटेल असं वाटलेलं, उलट भीती वाटली की मुदत हीच माझी प्रतिभा होती की काय. यंदा जानेवारीत एक झाली. सोळा पानं. तिच्यात कडक ऊन आहे. अजून कुणाला दाखवलेली नाही.

ओलीशाई

सगळ्यांना एकदम उत्तर देते. रात्री झोपताना उलटासुलटांची पट्टी डोक्यात होती.

साखळी तुटली. तोडली असं म्हणायला आवडलं असतं, पण गेल्या बुधवारी सोफ्यावर झोप लागली आणि जाग आली ती गुरुवारी. तीन दिवस वही उघडलीच नाही. कुणाचाही 'आज चित्र नाही?' असा मेसेज आला नाही. याचं आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं, मग पुन्हा थोडं वाईट.

रविवारी मेट्रोनं मंडईला गेले. आतल्या गाळ्यांपाशी एका भाजीवाल्या मावशींसमोर उलटा क्रेट टाकून बसले. वर मनोरा, चहूबाजूंना फाकलेल्या इमारतीच्या भुजा, हे सगळं मी पूर्वी दहादा काढलंय. या वेळी फक्त त्यांचा तराजू आणि गवारीचा ढीग काढायला घेतला. गवार काढणं फार अवघड आहे. प्रत्येक शेंग दुसरीच्या खालून जाते. दीड तास गेला. मावशी अधूनमधून वाकून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ढीग कमी झाला की गं, मी विकतेय तर तू काढत काय बसलीस." खरंच, अर्धी गवार गिऱ्हाइकांबरोबर गेली होती.

चित्र अर्धं आहे. फोटो टाकत नाही. उरलेली पाव किलो गवार मीच घेतली, आणि आता ती निवडायची आहे.